नदीच्या माशाचे बारीक काटे: सोलापूरकरांना नेहमी पडणारे प्रश्न

उजनी धरणामुळे सोलापूरकराच्या ताटात येणारा मासा बहुतेक वेळा गोड्या पाण्यातला असतो, आणि त्याबद्दलची तक्रारही ठरलेली असते: "चवीला चांगलाय, पण काटे फार." खालचे प्रश्न ओळखीच्या स्वयंपाकघरांतून, मासा कापून घेताना शेजारी उभ्या असलेल्यांकडून आणि नव्यानेच मासे खायला लागलेल्यांकडून पुन्हापुन्हा येतात. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. "सगळे काटे काढून देतो" असं कुणी म्हणत असेल, तर त्याच्या हातात मरळ किंवा चिलापी आहे, कटला नव्हे. कटल्याच्या बाबतीत काटा कुठे आहे हे ओळखणं हे निम्मं काम, आणि त्या त्या भागाला शोभेल असा स्वयंपाक करणं हे उरलेलं निम्मं.

नदीच्या माशातच एवढे बारीक काटे का? पापलेटाला तर नसतात.

पाणी गोडं की खारं, याचा काट्यांशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो माशाच्या कुळाशी. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प), चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे सगळे कार्प कुळातले. शिजलेल्या तुकड्याला बोट लावलं की मांसाच्या पाकळ्या सुटतात, ते पाहिलं असेल. दोन पाकळ्यांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. कार्प कुळात या पडद्यांमधल्या कंडरा मासा वाढताना कडक होत जातात आणि त्यांचंच हाड बनतं. तेच आपले बारीक काटे. या कुळातल्या निरनिराळ्या जातींत ते मोजले गेले आहेत. जातीनुसार साधारण ७० ते १७० भरतात. सायप्रिनसमध्ये शंभराच्या आसपास.

पापलेट, सुरमई, चिलापी, मरळ हे वेगळ्या, उत्क्रांतीत नंतर आलेल्या शाखांतले मासे, त्यांच्यात ही भानगड जवळजवळ उरलेली नाही. उलट समुद्रातून नदीत चढणारा पाला घ्या. कोकणात त्याची चव वाखाणतात आणि काट्यांना नावं ठेवतात.

मग आपल्याकडे काटेरी मासाच जास्त का मिळतो?

कारण तोच सोडला जातो. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि माढा, करमाळा, इंदापूरकडे अथांग पाणी पसरलं. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. ते साठलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, तयार करून तळ्याधरणांत सोडणं शक्य झालं. भराभर वाढणारा, वनस्पती आणि पाण्यातले सूक्ष्मजीव खाऊन वजन धरणारा मासा म्हणून कार्पच पसंत पडला. काटे खाणाऱ्याच्या वाट्याला आले.

कणा ओढून काढला की सगळे काटे येतात ना?

नाही. बरगड्या कण्याला जोडलेल्या असतात, त्या कण्याबरोबर येतात. बारीक काटे कण्याला घट्ट जोडलेले नसतात. ते मांसातच अडकून असतात. तुम्ही कणा कितीही सफाईने काढा, ते आपल्या जागी शाबूत राहतात.

हे काटे नेमके असतात तरी कुठे?

हा खरा प्रश्न. याचं उत्तर एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

मासा आडवा ठेवा. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत कुशीवर एक ठिपक्याठिपक्यांची रेघ जाते, ती नीट पाहा. रेघेच्या वरचा भाग पाठीचा, खालचा पोटाचा. आता तीन भाग लक्षात ठेवा.

पाठ: इथे डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक काट्यांची एक सलग रांग असते, दोन्ही कुशींना एकेक. डोक्याकडचे काटे जास्त छळतात, कारण त्यांना फाटे फुटलेले असतात. गलोलीच्या बेचक्यासारखा आकार. शेपटीकडे जावं तसे ते साधे, सरळ होत जातात.

पोट: बरगड्यांनी वेढलेला भाग. इथे फक्त बरगड्या, मोठ्या आणि वाकड्या, डोळ्यांना दिसणाऱ्या. बारीक काटे नाहीत. ज्याला काट्यांची धास्ती आहे त्याला हा भाग वाढा. चरबीही इथेच जास्त, त्यामुळे चवीतही तो हरत नाही.

शेपटीकडचा भाग: पोट जिथे संपतं तिथून मागे, रेघेच्या वरही रांग आणि खालीही रांग. म्हणजे अख्ख्या माशात सगळ्यात काटेरी जागा ही. आपल्याकडे पोरांना "घे, लहान तुकडा घे" म्हणून नेमका हाच दिला जातो.

बोटाने तपासायचं असेल तर कच्चा फिले, म्हणजे कण्यापासून सोडवलेली माशाची अख्खी कूस, कातडी खाली करून पाटावर पसरा. ओलं बोट डोक्याकडून शेपटीकडे हलकं दाबत न्या. पाठीच्या मधोमध एका ओळीत टोकं लागतील. ती ओळ सापडली की तिच्या वर किती मांस मोकळं आहे तेही कळतं, आणि ते पुढे कामाला येतं.

काटे कमी असलेले उजनीतले मासे कोणते?

मरळ पहिल्या नंबरवर. मांस घट्ट, मधे कणा, पुढच्या भागात बरगड्या, बास. हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने मरळ बाजारात बऱ्याचदा जिवंतच मिळते. किंमत ऐकून मात्र घरी परत यावंसं वाटतं.

वाम लांबट असते. तिला मधला कणा आणि पाठीवर टोचऱ्या काट्यांची रांग. ती रांग कापणाराच खरवडून देतो. आतल्या मांसात शोधाशोध करावी लागत नाही.

शिंगाडा, काही जण शिंगटा म्हणतात. खवले नाहीत, मांसात विखुरलेले बारीक काटे जवळजवळ नाहीत. पण पाठीवरचा आणि दोन्ही कुशींचे पर म्हणजे करवतीसारखे दाते असलेले काटे. हाताला लागले तर दिवसभर ठणका. घरी अख्खा आणू नका, तिथेच तोडून घ्या.

चिलापीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

कार्पमध्येच निवडायचं असेल तर मोठा कटला घ्यावा. गवत्याही मोठा मिळाला तर चांगला, त्याचे काटे जाड आणि सहज सापडणारे असतात. मृगळ आणि चंदेरा यांच्यापासून काट्यांच्या बाबतीत सावध. चंदेरा स्वस्त मिळतो आणि त्याचं मांस पांढरंशुभ्र असतं, पण तो खिम्यासाठीच बरा.

मांगूर म्हणून आफ्रिकन जातीचा मासा कुणी बिनकाट्याचा म्हणून पुढे केला तर घेऊ नका. त्याच्या पैदाशीला आणि विक्रीला बंदी आहे.

लहान मासा कोवळा असतो, त्याचे काटे मऊ असणार ना?

अर्ध्या किलोच्या रोहूत आणि तीन किलोच्या रोहूत बारीक काट्यांची संख्या जवळपास तेवढीच असते. मासा वाढतो तसे काटे लांब आणि जाड होतात, नवे फारसे येत नाहीत. लहान माशात तेवढेच काटे मूठभर मांसात दाटीने बसलेले असतात, केसाइतके बारीक, डोळ्यांना न दिसणारे. मोठ्या माशात ते दिसतात, बोटाला लागतात, ताटात बाजूला काढता येतात. म्हणून कार्प घ्यायचा तर दोन किलोच्या वरचा. घरात माणसं कमी असतील तर मोठ्या माशाचा अर्धा भाग घ्या, पण पाव-अर्धा किलोचा अख्खा कार्प नको.

बोटभर लांबीच्या चिल्लर मासळीची गोष्ट वेगळी. ती कुरकुरीत तळून काट्यांसकट खातात.

मासेवाल्याला नेमकं काय सांगायचं?

"साफ करून द्या" एवढं म्हटलं तर खवले, कल्ले, आतडी काढून आडवे तुकडे मिळतात. आडव्या तुकड्यात प्रत्येक घावाला पाठीतले काटे मधेच तुटतात, आणि तुटलेल्या काट्याची दोन्ही टोकं धारदार. तुकडे जितके पातळ, तितके तुटके काटे जास्त. रश्श्यासाठी पातळ काप मागणारे लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात.

त्यापेक्षा असं सांगा: "मामा, शेपटीकडचा भाग वेगळा ठेवा. पोटाचं वेगळं, पाठीचं वेगळं. रश्श्याचे तुकडे जाड, दोन बोटं तरी." बहुतेक कापणारे "देतो की ओ" म्हणतील. गर्दीच्या वेळी, विशेषतः रविवारी सकाळी आणि आखाडात, हे ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. तेव्हा मासा फक्त पोट साफ करून अख्खा घ्या आणि घरी कापा.

उन्हाळ्यात एक काळजी जास्त. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पार असतो. उजनीच्या काठावरच्या भिगवणहून मासा आणणार असाल तर दीडशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालूनच आणा. मऊ पडलेल्या माशाचा फिले निघत नाही, लगदा निघतो.

घरी फिले कसं काढायचं?

सुरी अरुंद, लवचिक आणि धारदार हवी, पातं वीतभर. विळीवर आडवे तुकडे उत्तम होतात, पण फिलेसाठी पातं हाडाला चिकटवून सरकवावं लागतं, तिथे विळी अडचणीची ठरते. पाटाखाली ओलं फडकं अंथरा म्हणजे पाट सरकणार नाही. मासा थंड हवा. फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवला तर मांस घट्ट होतं आणि घाव स्वच्छ बसतो.

कल्ल्याच्या आणि बाजूच्या पराच्या मागून तिरका काप कण्याला लागेपर्यंत द्या. कणा लागला की थांबा, तोडू नका. आता पाठीच्या बाजूने, वरच्या पराला लागून, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक लांब चीर द्या. त्याच चिरेतून सुरीचं पातं हाडावर सपाट टेकवून लांब लांब ओढा. करवत चालवल्यासारखं पुढेमागे केलं की मांस फाटतं. हाडावरून पातं जाताना खरखर आवाज येतो; तो येतोय तोवर बरोबर चाललं आहे. आवाज थांबला म्हणजे सुरी मांसात शिरली.

मधे बरगड्या आडव्या येतात. दोन किलोच्या माशात त्या तोडून मांसाबरोबर येऊ द्याव्यात आणि नंतर काढाव्यात. चार किलोच्या वर बरगड्या मजबूत असतात, तिथे त्यांच्यावरून सुरी वळवून मांस सोडवावं. शेपटीपाशी पोहोचलात की कूस सुटी होते. दुसऱ्या बाजूला हेच.

आता कूस कातडी खाली करून ठेवा. बरगड्यांच्या टोकाखाली सुरी तिरकी घालून त्यांचा सगळा पापुद्रा एका तुकड्यात उचला. मग बाजूच्या त्या रेघेवरून फिले लांबीत दोन भागांत कापा. खालचा, पोटाचा भाग आता खरोखर बिनकाट्याचा आहे. शेपटीकडचं टोक छाटून वेगळं ठेवा. राहिली पाठ. मासा मोठा असेल तर बोटाने काट्यांची ओळ शोधा आणि तिच्या वरून, पराच्या बाजूचं मांस एका लांब पट्टीत कापून घ्या. चार-पाच किलोच्या कटल्यात ही पट्टी चांगली जाड निघते आणि तीही बिनकाट्याची. मधला काटेरी पट्टा उरतो, तो चिरा देऊन तळायचा किंवा खिम्यात घालायचा.

हे सगळं रोहूवर शिकावं. कटल्याची मुंडी फार मोठी आणि शरीर उंच, नवशिक्याची सुरी भलतीकडे जाते.

चिमट्याने एकेक काटा उपटता येत नाही का?

परदेशी व्हिडिओत सामनचे (सॅल्मन माशाचे) काटे चिमट्याने सटासट निघताना दिसतात. सामनचे काटे सरळ असतात. कार्पचा फाटे फुटलेला काटा ओढला की तो तरी मोडतो, नाहीतर मांसाचा तुकडा घेऊन बाहेर येतो. पंधरा-वीस काट्यांनंतर फिलेची चाळण झालेली असते. वेळ घालवू नका.

चिलापीला काटे नाहीत म्हणतात, मग घशाला टोचतं ते काय?

चिलापी म्हणजे तिलापिया. १९५२ साली ही जात भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या मासळीत तिचा मोठा वाटा आहे. भिगवणला महामार्गावर गाड्या थांबतात त्या बऱ्याच अंशी हिच्यासाठी. तिच्या पाठीत कार्पसारखी लांबलचक रांग नाही. पण फिलेच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात, मधल्या रेषेवर, थोडे छोटे काटे असतात. बोट फिरवलं की लगेच लागतात. त्यांच्या दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन एक निमुळती पट्टी काढून टाकली की काम झालं. फुकट जातं ते बोटभर मांस. पाठीवरच्या पराचे काटे टणक आणि टोकदार असतात, साफ करताना ते आधी कात्रीने कापा.

चिरा देऊन तळलं की काटे लागत नाहीत, हे खरं?

खरं आहे, आणि कार्पच्या पाठीसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. काटा काढायचाच नाही. त्याचे इतके बारीक तुकडे करायचे की तेल त्यांच्यापर्यंत पोहोचेल आणि ते कुरकुरीत होतील.

कातडी ठेवायची, खवले मात्र पूर्ण काढायचे. फिले कातडी खाली करून पाटावर ठेवा आणि मांसाच्या बाजूने आडव्या चिरा द्या, दोन-तीन मिलिमीटरवर एक. चीर कातडीपर्यंत गेली पाहिजे, पण कातडी तुटता कामा नये. काटे तुटताना सुरीखाली बारीक कटकट ऐकू येते. ती ऐकू आली नाही तर चीर उथळ आहे, किंवा तुम्ही पोटाच्या भागावर मेहनत वाया घालवताय. एक बोट अंतरावर दिलेल्या चार शोभेच्या चिरांनी मसाला आत जातो, काटे तसेच राहतात.

मीठ, हळद, लिंबू, आलं-लसूण आणि काळं तिखट चिरांच्या आत बोटाने चोळा. अर्धा तास पुरे. वरून तांदळाचं पीठ, हवं तर त्यात मूठभर ज्वारीचं पीठ. पण पीठ चिरांत ठासून भरू नका, तेलाला आत जायला वाट हवी. तेल भरपूर हवं, तव्यावरच्या चार चमच्यांत हे होत नाही. १८० अंशांच्या आसपास, म्हणजे पिठाची चिमूट टाकली की लगेच फसफसून वर यावी. तुकडा तेलात सोडताना कातडी आतल्या बाजूला राहील असा वाकवून सोडला तर चिरा पंख्यासारख्या उघडतात. सोनेरी झाला की काढा, पाच मिनिटं निथळू द्या, तेल पुन्हा तापवून आणखी एकदा मिनिटभर तळा. दुसऱ्या तळणीत काटे खऱ्या अर्थाने कुरकुरीत होतात.

चार किलोच्या वरच्या माशाच्या पाठीतले काटे जाड असतात. तिथे ही युक्ती तोकडी पडते. तिथे पट्टी काढून वेगळी करा किंवा खिमा करा.

लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर लावून ठेवलं तर काटे विरघळतात का?

आंबटाने हाडातलं कॅल्शियम निघतं हे खरं, पण त्याला काही दिवस लागतात, आणि तेही तीव्र व्हिनेगरमध्ये. अर्धा तास लिंबू लावल्याने मांसाचा वरचा थर पांढरा पडतो, काट्यावर काही परिणाम होत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली घरांत चिंचेच्या कोळातलं चेपल पुलुसु होतं. ते रात्रभर मुरवून दुसऱ्या दिवशी खाल्लं तर चव दुप्पट, काटे तेवढेच.

आंबटाचा दुसरा उपयोग मात्र खरा. तळ्याधरणाच्या माशाला येणारा मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, पाण्यातले काही सूक्ष्मजीव ते तयार करतात. चिंच-लिंबाने तो वास बराच उतरतो.

कुकरमध्ये शिजवून काटे मऊ होतात का?

होतात. डबाबंद माशाचे काटे खाता येतात ते याच कारणाने. घरच्या कुकरमध्ये पूर्ण दाबाखाली तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. शेपटीकडचे तुकडे, चिंचेचा कोळ, कांदा, मसाला आणि पुरेसं पाणी घाला. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पाऊण तास ठेवा. बारीक काटे बोटात चुरगळण्याइतके होतात. कणा पूर्ण मऊ होत नाही, तो काढूनच घाला. कुकर दोन तृतीयांशाहून जास्त भरू नका.

मांसाचं काय होतं हेही सांगायला हवं: पाकळ्या राहत नाहीत, भरडा होतो. भाकरीबरोबर लावून खायला चांगला, ताटात दिमाखाने वाढण्यासारखा नाही.

लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना कसं द्यायचं?

पहिली पसंती मरळ किंवा शिंगाडा. कार्पच द्यायचा तर पोटाचा भाग, बरगड्या काढून. आणि उरलेल्या पाठ-शेपटीसाठी वाफवून सोडवण्याची रीत.

तुकड्यांना मीठ-हळद लावून आठ-दहा मिनिटं वाफवा. कच्च्या मांसाला घट्ट धरून असलेले पडदे वाफेने विरघळतात, आणि तोच काटा, जो कच्चा असताना हलत नव्हता, आता अलगद सुटतो. कोमट झाल्यावर एकेक पाकळी दोन बोटांत दाबून पाहा. काम उजेडात करा, खिडकीपाशी बसून. पांढऱ्या ताटात काटा दिसत नाही, स्टीलच्या किंवा गडद रंगाच्या ताटात पटकन दिसतो. एकाने सोडवल्यावर दुसऱ्याने एकदा बोट फिरवावं. या मांसाची भुर्जी, कटलेट, पराठ्याचं सारण काहीही होतं.

कच्चा खिमा हवा असेल तर फिले कातडी खाली ठेवून चमच्याने मांस खरवडून काढा. काटे तिरके बसलेले असतात, त्यामुळे एका दिशेने चमचा त्यांच्यावरून सरकतो आणि उलट दिशेने अडतो. पहिल्या दोन फेऱ्यांतच दिशा कळते. काटे पडद्यांसकट कातडीला चिकटून मागे राहतात. मिक्सरमध्ये काट्यांसकट मांस फिरवू नका. काट्यांचे अर्धवट तुकडे होतात आणि ते शोधताही येत नाहीत.

कडक भाकरी रश्श्यात कुस्करून खायची सवय आहे. चालेल का?

मटणाच्या रश्श्यात खुशाल. माशाच्या रश्श्यात आधी तुकडे बाजूच्या ताटलीत काढा, रस्सा चाळणीतून गाळा, मग भाकरी कुस्करा. भाकरीच्या तुकड्यांत काटा मिसळला की जिभेला तो वेगळा कळतच नाही. शेंगा चटणी बरोबर घेत असाल तर तीही तुकडा खाऊन झाल्यावर, एकाच घासात नको.

घशात काटा अडकला तर केळं किंवा भाताचा गोळा गिळावा का?

गिळू नये. घरोघरी हाच उपाय सांगतात, पण त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. बोटं घालून शोधू नका. पाणी पिऊन, हलकं खाकरून पाहा. वरवर बसलेला काटा बऱ्याचदा तेवढ्याने निघतो. गिळताना प्रत्येक वेळी त्याच जागी टोचत राहिलं तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जा. बारीक काटे पुष्कळदा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी अडकलेले असतात, तिथले डॉक्टरांना आरशाने किंवा दुर्बिणीने पाहून काढता येतात. साध्या एक्स-रेत माशाचा काटा अनेकदा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून दुखणं अंगावर काढू नका. लाळ गिळता येत नसेल, रक्त येत असेल, मान सुजली असेल, छातीत दुखत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

हॉटेलातली बोनलेस फिश कुठल्या माशाची असते?

बहुतेक ठिकाणी बासा, म्हणजे पंगस. तो शिंगाड्याचा लांबचा भाऊबंद, त्याला मुळातच बारीक काटे नाहीत. "कटला बोनलेस" असं मेन्यूत दिसलं तर पोटाचा भाग आहे का, एवढं विचारा.

बिनकाट्याचा कार्प कधी तरी मिळेल का?

चीनमध्ये संशोधकांनी जनुक-संपादनाने बारीक काटे नसलेले कार्प कुळातले मासे तयार केले आहेत; बीएमपी-६ नावाचं जनुक बंद केलं की हे काटे बनत नाहीत आणि मासा एरवी वाढतो, असं त्यांना दिसलं. आपल्या बाजारात ते कधी येतील याच्या भरवशावर राहू नका. सुरीला धार लावून ठेवा.

फिले काढलं की निम्मा मासा फुकट जातो. परवडतं का?

कार्पच्या वजनाच्या साधारण चाळीस टक्के फिले मिळतं, कटल्यात मुंडी मोठी म्हणून आणखी कमी. चिलापीत तर एक तृतीयांशच. पण उरलेलं टाकायचं कशाला? कटल्याची मुंडी हा स्वतंत्र पदार्थ आहे. कल्ले काढून, उभी दोन भागांत चिरून रश्श्यात घाला. सांगाडा आणि बरगड्या कांदा-आल्याबरोबर वीस मिनिटं उकळून गाळून घेतल्या की रश्श्याचं पाणी तयार. गाबोळी निघाली तर ती वेगळी तळा, मंद आचेवर आणि झाकण ठेवून, नाहीतर फुटून तेल अंगावर उडतं.